दोन पट्ट्या खाली

दुरुस्तीवाल्याने मशीन परत दिलं, मी ते घरी आणून नेहमीच्या जागी ठेवलं, आईची टेप लावली, आणि आईच्या जागी दुसरीच कोणीतरी बाई गायला लागली. गाणं तेच, शब्द तेच, दुसऱ्या ओळीआधी घेतलेला श्वासही तोच. पण आवाज जाड, थोडा खरखरीत, आणि चाल अशी की गाणारीला कुठेही जायची घाई नाही. मी उठून टेप काढली, डोळ्यांसमोर धरून लेबल वाचलं. लेबलावरचं अक्षर माझंच होतं. पुन्हा लावली. पुन्हा तीच बाई. सकाळचे अकरा वाजले होते, खाली रस्त्यावर कोणीतरी मोटरसायकल सुरू करायला किका मारत होतं, आणि मी पंचावन्न वर्षांचा माणूस खोलीच्या मध्यभागी हरवलेल्या पोरासारखा उभा होतो. मग राग आला. मला आधी रागच येतो, बाकीचं नंतर सवडीने येतं. पट्टा तुटला म्हणून, तीन महिने टाळून अखेर नाइलाजाने त्या माणसाच्या हाती मशीन दिलं होतं. नुसता पट्टा बदला, आत बोट घालू नका, असं चार वेळा बजावलं होतं. त्याने बोट घातलं होतं.

त्या मशीनला छत्तीस वर्षांत मी कोणाला हात लावू दिला नव्हता. माझ्याकडे चारशे बारा कॅसेट आहेत. प्रत्येकीचं कार्ड आहे, कार्डावर तारीख, कोणाकडून मिळाली, कोणत्या बाजूला किती सेकंद रिकामे आहेत, सगळं. लोक मला छंदिष्ट म्हणतात, बायको असताना ती यापेक्षा नेमका शब्द वापरायची. आमच्या बँडला नवं गाणं बसवायचं असलं की सगळे माझ्याकडे येत, या मशीनसमोर बसून कान लावत आणि आपापली वाद्यं त्याच्याशी जुळवून घेत. बँड म्हणजे चारच माणसं. दातांचा डॉक्टर गिटार वाजवतो. गोगलगाय ड्रम वाजवतो. तो बसच्या वेळापत्रकाच्या कचेरीत आहे आणि तरी प्रत्येक गाणं हळूहळू संथ करत नेतो, म्हणून हे नाव मीच ठेवलेलं. मी बेस वाजवतो, म्हणजे मी वाजवतोय हे थांबल्यावरच लोकांच्या लक्षात येतं. आणि ताई गाते. ताई माझी सख्खी मोठी बहीण, तीन वर्षांनी मोठी, दिवसा औषधांच्या दुकानात असते. रेडिओवर एखादं गाणं लागलं की मला ते नेहमी संथ आणि बसकं वाटायचं. मी रेडिओला चार पत्रं पाठवली होती, तुमची यंत्रं हळू फिरतात, एकदा तपासून घ्या म्हणून. एका पत्राला नम्र उत्तरही आलं होतं. ते मी त्यांच्या अज्ञानाचा पुरावा म्हणून फायलीत लावलं.

मशीन पिशवीत घालून मी तसाच दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा, बसायला एकच स्टूल, त्यावर तोच बसलेला. मी आवाज चढवला. त्याने शांतपणे माझं सगळं ऐकून घेतलं, मग एक करड्या रंगाची कॅसेट काढली. तिच्यात गाणं नव्हतं, नुसता एकच सूर होता, शिट्टीसारखा, आणि तो किती असायला हवा हे मोजायला त्याच्याकडे काट्याचं छोटं मीटर होतं. काटा बरोबर मधल्या रेघेवर उभा राहिला. मग त्याने मशीनच्या पोटातला एक बारीक स्क्रू दाखवला. त्याच्यावर लाल रंगाचा वाळलेला ठिपका होता. मोटर पळत होती तुमची, म्हणाला, चांगली दोन पट्ट्या वर. कोणीतरी मुद्दाम फिरवून वर रंग लावून ठेवला होता, हलू नये म्हणून. मग त्याने विचारलं, किती वर्षं ऐकताय असं? त्याने चेष्टेने विचारलं नव्हतं, हळहळूनच विचारलं, आणि तेच मला फार लागलं. कारण मला तेवढ्यात आठवलं की हे मशीन मी कोणाकडून घेतलं होतं. पहिल्या पगारात, जुनं, नाच शिकवणाऱ्या एका बाईंकडून. त्यांच्या वर्गात मुली आळसावून पाय टाकत, म्हणून गाणी जरा जलद लागतात हे बरं, असं त्या देतानाच हसून म्हणाल्या होत्या. मी एकोणीस वर्षांचा. माझं लक्ष बटणांकडे होतं.

घरी परत येताना मी दोन थांबे आधीच उतरलो आणि चालत राहिलो. डोक्यात एकच खोली होती, आमची जुनी, समोरच्या इमारतीची सावली दुपारीच आत येणारी. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. दिवसभर कानाला यंत्र लावून “थांबा, जोडून देते” म्हणायची, आणि घरी येताना वाटेत गाणी रचायची. कागदावर एकही नाही. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणून दाखवायची, आम्हाला आवडलं तर ठेवायची, नाहीतर विसरून जायची. ती गेली त्याच्या आदल्या वर्षी मामा त्याच्या कचेरीतलं टेप करायचं यंत्र घेऊन आला आणि त्याने तिला भिंतीवरच्या घड्याळाखाली बसवून सात गाणी म्हणायला लावली. तेवढंच आमच्याकडे तिचं उरलं. मामाचं यंत्र कचेरीत परत गेलं, टेप आमच्या कपाटात राहिली, ऐकायला घरात काही नव्हतं. मग आई गेली. मग वर्षभराने मी हे मशीन आणलं. मी आणि ताई जमिनीवर बसलो, ताईने ओढणीचं टोक दातात धरलं होतं, मी बटण दाबलं. आई गायला लागली, बारीक, चपळ, एखाद्या तरुण मुलीसारखी. मी रडलो. ताई रडली नाही. ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, आई इतक्या बारीक आवाजात गायची नाही रे. मी वळून तिच्याकडे पाहिलं. मला तिचा राग आला होता, कारण मी आणलेल्या वस्तूतून आई परत आली होती आणि ही खोट काढत होती. मी तिला म्हणालो, टेप खोटं बोलत नाही, तुझी आठवण खोटं बोलतेय.

ती गप्प बसली. ते गप्प बसणं मला आज रस्त्याने चालताना ऐकू येत होतं. आणि त्यानंतर तिने काय केलं, तर आईसारखं गायला शिकली. बारा बारा वेळा टेप लावून, मान ताणून, त्या पट्टीला पोहोचायची. वय होतं, पोहोचायची. आम्ही त्या सात गाण्यांवर बँड उभा केला, लग्नाच्या हॉलमध्ये, कंपन्यांच्या वार्षिक समारंभात, कोणाच्या गच्चीवर ती वाजवली. लोक म्हणायचे काय वर जातो हो तुमच्या बहिणीचा आवाज, आणि मी अभिमानाने म्हणायचो, आईचा आहे. चाळिसाव्या वर्षी तिच्या घशात गाठी झाल्या. घशाच्या डॉक्टरांनी सहा महिने बोलणंसुद्धा बंद केलं. ती गळ्यात छोटी वही अडकवून दुकानात उभी राहायची आणि गिऱ्हाइकांना गोळ्या कधी घ्यायच्या ते लिहून द्यायची. डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, तुमच्या आवाजाची जागा ही नाही, इतकं वर कशाला ओढता? तिने वहीत लिहून दाखवलं, आईची पट्टी आहे. ती वही मी नंतर मागून घेतली. कार्ड करून ठेवली. असा मी संग्राहक.

या गुरुवारी हे सगळं पुन्हा वर आलं होतं. आम्ही अखेर ती सात गाणी नीट रेकॉर्ड करायचं ठरवलं, चांगला स्टुडिओ, चार दिवस. सहा गाणी कशीबशी झाली. सातवं, ‘थांब जराशी सांजवेळे, घरचे अजून यायचे’, त्यातल्या ‘अजून’वर ताईचा आवाज फाटला. रेकॉर्डिंगवाला काचेपलीकडून म्हणाला, हरकत नाही, परत घेऊ. परत फाटला. नवव्या वेळी नुसता वारा आला. डॉक्टर गिटार खाली ठेवून समजुतीने म्हणाला की दोन पट्ट्या खाली घेऊ या, कोणाला कळतंय. ताईने हेडफोन काढून खुंटीला नीट अडकवले. म्हणाली, आईच्या पट्टीत जमलं तर मी गाईन, नाहीतर गाणार नाही, खाली ओढून तिचं गाणं बसकं करायचं नाही मला. मग पर्स उचलली आणि गेली. डॉक्टरकडे दात दाखवायला येणारी एक मुलगी आहे, तेवीस वर्षांची, छान गाते. रविवारी तिला बोलवायचं ठरलं. मुलीचा यात काही दोष नव्हता, पण आईचं गाणं एक अशी मुलगी म्हणणार होती जिने आईला चपला काढताना पाहिलं नव्हतं. आणि ताई गुरुवारपासून कोणाचा फोन घेत नव्हती.

शनिवार होता. घरी येऊन मी मशीन टेबलावर ठेवलं आणि त्याच्यासमोर बसून राहिलो. आता ताईला गाता येईल असं एकच वाक्य जगात होतं, आणि ते फक्त माझ्याकडे होतं. आई खालीच गायची, तू म्हणाली होतीस ते खरं होतं. एवढंच वाक्य. पण त्याच्या मागोमाग पुढची वाक्यं येणार होती. छत्तीस वर्षं, त्या गाठी, ती वही. मी खोटं बोलायचा विचार केला, आणि तो बराच वेळ केला, कबूल करतो. टेप बनवणाऱ्या कंपनीने म्हणे आता शोध लावलाय की जुन्या टेपा ताणल्या जातात. किंवा मामाचं यंत्रच बिघडलेलं होतं. मामा आता नाही, तो नाही म्हणायला येणार नव्हता. किंवा काहीच सांगायचं नाही, तेवीस वर्षांच्या मुलीला गाऊ द्यायचं, आणि रात्री घेतो ती झोपेची गोळी आता दिवसाच घेऊन पडून राहायचं. मी कपाटातल्या चारशे बारा कॅसेटकडे पाहिलं. एकूण एक मी चुकीची ऐकली होती. मला हसू आलं, आणि हसताना लक्षात आलं की त्यांचं मला काहीच वाटत नव्हतं. रेडिओवाल्यांना माफीचं पत्र पाठवीन. पण बहिणीला पत्र पाठवून कसं चालेल?

मग मला घड्याळ आठवलं. टेपच्या शेवटी, सातवं गाणं संपल्यावर, भिंतीवरचं घड्याळ सहाचे ठोके देतं, आणि मग आई मामाला म्हणते, “झालं का रे? बंद कर आता.” ते घड्याळ ताईकडे आहे. घड्याळ पुढे पळेल, मागे पडेल, पण त्याच्या ठोक्याचा सूर बदलत नाही, ठोका ज्या तारेवर पडतो तिला कोणी स्क्रू लावलेला नसतो. माझ्या मनाच्या एका कोपऱ्याला अजून आशा होती की घड्याळ माझ्या बाजूने साक्ष देईल आणि दुरुस्तीवाला खोटा पडेल. मशीन पिशवीत भरून मी निघालो.

ताईने दार उघडलं. गळ्याला मफलर होता. पिशवी बघून ती म्हणाली की गाण्याबद्दल बोलायला आला असशील तर चहा घे आणि जा. मी म्हणालो, घड्याळाकडे आलोय. तिला ते विचित्र वाटलं असणार, पण तिने आत घेतलं. तिच्या बैठकीत एक कोच, नातीची प्लास्टिकची खेळणी भरलेली टोपली, आणि भिंतीवर ते घड्याळ. पावणेसहा वाजले होते. मी मशीन जमिनीवर मांडलं, वायर लावली, टेप शेवटच्या गाण्यानंतर नेमकी आणून ठेवली. ती चहा ठेवायला आत गेली नाही, कोचावरही बसली नाही. जमिनीवर बसली, माझ्या शेजारी, गुडघे दुखत असूनही.  लंबक हलत होता. मी तिच्या हातांकडे पाहिलं. औषधांच्या पट्ट्या कापून कापून तिच्या अंगठ्याला कायमचा घट्टा पडलाय, आणि नखं आईसारखी, चपटी. मला वाटलं, सहा वाजूच नयेत. वाजले. सहा ठोके, जाड, संथ, मागे लांबवर घुमणारे. शेवटचा पुरता विरायच्या आत मी बटण दाबलं, आणि टेपमधून सहा ठोके आले. तेच. जरासुद्धा इकडे तिकडे नाही. आणि मग एका दमलेल्या, भरदार आवाजाची बाई म्हणाली, “झालं का रे? बंद कर आता.”

मी बंद केलं. ताई मशीनकडे बघत होती. मग मी सगळं सांगितलं, स्क्रू, लाल ठिपका, नाच शिकवणाऱ्या बाई, मीटरचा काटा. भरभर सांगितलं, मधे थांबलो तर पुढचं सांगता येणार नाही असं वाटत होतं. ती ऐकत होती. मी थांबल्यावर ती घड्याळाकडे बघून म्हणाली, “मी रोज सहाला ऐकते हे. टेपमध्ये ठोके बारीक यायचे. मला वाटायचं, घड्याळ म्हातारं झालं, आवाज उतरला त्याचा. माझ्यासारखा.”

मी मशीनची वायर बोटाला गुंडाळत बसलो. ती म्हणाली, “तू तेव्हा काय म्हणाला होतास, आठवतं?”

“आठवतं.”

“मग म्हण ना.”

मी म्हणालो. तेच शब्द, जसेच्या तसे. टेप खोटं बोलत नाही, तुझी आठवण खोटं बोलतेय. आणि मग म्हणालो, “ताई, माझं चुकलं. तुझं खरं होतं.” एवढंसं वाक्य, पण म्हणताना मी परत एकोणीस वर्षांचा झालो होतो आणि यावेळी तिच्याकडे बघत होतो. मला वाटलं ती आता वहीबद्दल बोलेल, गाठींबद्दल. ती रागावली होती. तिच्या मानेवर मफलरच्या कडेशी एक शीर उडत होती, ती लहानपणापासून माझ्या ओळखीची आहे.  मग तिने हात लांब करून माझा कान धरला, चांगला पिरगळला, दुखेपर्यंत, आणि सोडायच्या ऐवजी तो तसाच धरून ठेवला. “गाढवा,” म्हणाली, “मला वाटलं मी तिला विसरले. इतकी वर्षं वाटत होतं की मला आई आठवते ती चुकीची आठवते.” आणि आता ती रडली, छत्तीस वर्षांपूर्वीचं राहिलेलं. मीही रडलो, पण माझा कान तिच्या हातात असल्यामुळे जरा वाकडाच. मग तिने गाणं सुरुवातीपासून लावायला सांगितलं. पहिल्यांदा नुसतं ऐकलं. दुसऱ्यांदा आईबरोबर गुणगुणली. ‘अजून’ आलं आणि गेलं, उंबरठा ओलांडावा तसं, तिला कळलंसुद्धा नाही. दोघींचे आवाज इतके सारखे होते की मला मधेच कोणती कोण ते सांगता येईना.

रविवारी त्या मुलीला डॉक्टरने फोन करून नीट माफी मागितली. आम्ही स्टुडिओत जमलो. मी सगळ्यांना सांगितलं की आपण इतकी वर्षं दोन पट्ट्या वर आणि जलद वाजवत होतो, माझ्या मशीनमुळे, आणि झालेली सहा गाणीही नंतर परत घ्यावी लागतील. डॉक्टर म्हणाला की म्हणजे त्याने चुकीच्या जुळवलेल्या गिटारवरच बायकोला भुलवून लग्न जमवलं.  गोगलगाय ड्रमच्या मागे बसला, काठ्या मांडीवर ठेवल्या, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की मी जाऊन त्याचेही पाय धरावेत असं वाटलं. तीस वर्षं त्याचे हात त्या गाण्यांना त्यांच्या जागेवर खेचत होते आणि आम्ही त्याला रागावत होतो. तेवढ्यात ताई आली. काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. चादर सोडली तर घड्याळ. रेकॉर्डिंगवाला बिचारा पंखासुद्धा बंद करून ठेवतो, कोणी चप्पल घासली तरी परत घ्यायला लावतो. तो काचेमागून धावतच बाहेर आला आणि हे टिकटिक करणारं इथे चालणार नाही म्हणाला. ताई त्याला म्हणाली, “असू दे. उद्या माझी नात हे ऐकेल, तिच्या नाती ऐकतील, कोणाच्या मशीनला काय झालेलं असेल सांगता येतं का? घड्याळ घरातच राहणार आहे. ताडून बघता येईल त्यांना.” तो माझ्याकडे बघायला लागला. मी बेसची वायर सोडवत असल्याचं दाखवलं.

भिंतीला खिळा होता, तिथे घड्याळ टांगलं. एका बाजूला कललं, लंबक अडखळायला लागला, म्हणून मी गाण्याचे शब्द लिहिलेला कागद चौघडी करून त्याच्यामागे घातला. गाणं जुन्या मापाने साडेतीन मिनिटांचं, आता चारला जरा कमी. ताईने काच उघडून काटा सहाला चार मिनिटं कमी असा लावला. रेकॉर्डिंगवाल्याने हताश होऊन बोट वर केलं. गोगलगायीने लंबकाकडे बघत चार मोजले, आणि पहिल्यांदाच त्याला कोणी घाई कर म्हणालं नाही. ताई गायली. एकदाच गायली. मान ताणली नाही, डोळे मिटले नाहीत, दमून घरी आलेल्या बाईने चपला काढता काढता म्हणावं तसं, थांब जराशी सांजवेळे, घरचे अजून यायचे. माझं बोट एका ठिकाणी चुकलं, ते तसंच राहिलंय. शेवटचा सूर संपला. आम्ही कोणी हललो नाही. घड्याळाने सहा ठोके दिले, मी मोजले, आणि शेवटचा घुमत असताना ताईने हेडफोन कानावरून मागे सारले आणि रोज म्हणत असल्यासारखं, माझ्याकडे बघून म्हणाली, “झालं का रे? बंद कर आता.”

तिला आपण काय बोललो ते बोलल्यावर कळलं. तिने तोंडावर हात ठेवला. काचेमागे रेकॉर्डिंगवाल्याचा हात बटणावर गेला होता, मी त्याला मानेने नको म्हणालो, आणि यंत्र अजून थोडा वेळ चालू राहिलं, टिकटिक घेत.